अमृतच्या नावापुढची रेघ

शुक्रवार पेठ, सोलापूर
शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६

प्रिय जोतिराम,

सप्रेम नमस्कार. बारा वर्षांत एक पत्र नाही, एक फोन नाही, याबद्दल आधी माफी मागतो. कामाच्या गडबडीत राहून गेलं असं लिहिणार होतो; पण कॉलेजच्या ग्रंथालयात कसली आली गडबड? दुपारी तीननंतर तिथं मी आणि छताचा पंखा, दोघंच हलत असतो.

आई कशा आहेत? पूनमवहिनींना नमस्कार सांग. डाळिंबावर यंदा तेल्या रोग नाही ना पडला? इकडं बरं चाललंय. संस्कृती बारावीला आहे, त्यामुळं घरात टीव्ही बंद. अंकिताचे गुडघे दुखतात. माझे केस गेले, डायरी तेवढी राहिली. पानाच्या शेवटी उद्याचं एकच काम लिहायची सवयही राहिली. "एकच का बे?" म्हणून तू हसायचास. दोन लिहिली की एकही होत नाही, हे माझं उत्तर अजून बदललेलं नाही.

पत्राचं कारण आपल्या फुटबॉल क्लबचं आहे. आपल्या नवजीवनचे प्रशिक्षक गेल्या महिन्यात बारामतीकडच्या एका निवासी शाळेत नोकरीला गेले. लीग अर्ध्यावर आलेली, आपण खालून दुसरे. नवा कोण, यावर तीन आठवडे भांडण चालू आहे. पद्धत तू प्रशिक्षकपद सोडून गेलास तेव्हाचीच. समिती नुसती सही करते. नाव ठरतं ते मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर. ज्यानं नाव सुचवलं त्यानं सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहायचं आणि वरच्यांची बोलणी खायची. वाद अडला की सामन्यांच्या नोंदींची वही उघडायची. क्लबची ती वही अजून माझ्याकडंच आहे. 'सोमूची पोथी' म्हणतात तिला.

परवा गुरुवारी संध्याकाळी मोठी बैठक झाली. पहिलं नाव सिदूचं. आपला गोलकीपर सिदू. आता पोट सुटलंय, आवाज तोच. फाटकाजवळच्या टपरीचा गुरुशांत किटली खाली ठेवून खालच्या पायरीवर गेला.

"सिदू घरचा माणूस हाय. पोरांवर जीव टाकतोय."

"टाकतोय की," हेमावती वरून म्हणाली. "परवा बाहेरनं असं वरडला, आपल्याच बॅकनं घाबरून आपल्याच गोलात बॉल घातला."

"तो पायाला लागून गेला."

"व्हय, सिदूअण्णाचा आवाज लागला पायाला."

हेमावती तुला आठवत असेल. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. तिचा भाऊ आपल्याकडून खेळायचा. भावानं खेळ सोडला, हिनं पायरी सोडली नाही. सिदू स्वतः तिथंच बसला होता, तोही हसला, आणि ते नाव तिथंच मिटलं.

दुसरं नाव पृथ्वीराजचं. तिशीतला मुलगा, पुण्याहून प्रशिक्षकाचा परवाना घेऊन आलाय. लॅपटॉपवर बाण काढून खेळ समजावतो. ते नाव मी सुचवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा खालच्या पायरीवर उभा राहिलो.

"सर," गुरुशांत म्हणाला, "लॅपटॉप कॉर्नर घेतोय का हेडर मारतोय?"

आप्पा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आता ऐंशी उलटलीय, पण एक सामना चुकवत नाहीत. म्हणाले, "पोरगं गुणी हाय. पण मी इचारलं, समोरच्यांचा डावा पाय कुणाचा चांगलाय, तर म्हणतंय डाटा बघून सांगतो. आरं, सामना चाललाय समोर, डोळं उघड की!"

मी दहा मिनिटं बोललो. शिस्त, आहार, मुलांचं वय, सगळं मुद्देसूद मांडलं. लोकांनी ऐकूनही घेतलं. आप्पा "बघू बाबा" म्हणाले, म्हणजे जवळजवळ जमलंच होतं.

तेवढ्यात हेमावती उठून खाली आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. "मी जोतिरामदादाचं नाव घेते."



तिनं तुझ्या शाळेच्या मुली जिल्हा स्पर्धेत खेळताना पाहिल्या म्हणे. "अकरा पोरी. एकीनं पंचाशी वाद घातला न्हाई. एकीनं बॉल उगाच आभाळात घालवला न्हाई. मी इचारलं, सर कोण गं तुमचे? तर म्हणाल्या, जोतिराम सर. मला रडूच आलं बघा."

"नाव काढू नको त्याचं," आप्पा म्हणाले. "हातातली फायनल घालवली त्यानं. दोन कार्डं झालेला गडी उतरवला. वहीत हाय."

"बारा वर्षं झाली की ओ आप्पा."

"वहीतलं शिळं होत न्हाई, बाई. काय सोमशेखर?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "हो. वहीत आहे."

हेमावतीनं तिथंच तुला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पुढचं तुला माहीतच आहे, पण ते इथं कसं ऐकू आलं ते सांगतो. मागं शेळ्या ओरडत होत्या. तुझा आवाज थोडा जाड झालाय. "दादा, पायरीवर तुमचं नाव घेतलंय, येणार का?" असं तिनं विचारलं.  तू म्हणालास, "आधी सोमूच्या वहीला इचारा. वही व्हय म्हणली तर येतो."

सगळे हसले. गुरुशांत म्हणाला, "अजून तिरका हाय की गडी!" आप्पांनी मात्र काठी आपटली. "रविवारी सकाळी सातला वही आण, सोमशेखर. ते पान सगळ्यांसमोर वाच. वहीनं त्याला मोकळं केलं तर जोतिराम, न्हाईतर पृथ्वीराज. इषय संपला."

मी तिथं आहे हे तुला ठाऊक होतं का? बहुतेक असणार. मी कधी पायरीवर नसतो?

इथवर लिहून मी उठलो होतो. अंकितानं विचारलं, "कुणाला लिहिताय?" मी तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "पत्ता आहे का?" पत्ता मी कालच हेमावतीकडून घेतला होता. फोन नंबरही दिलाय तिनं. पण फोनवर मी विषय बदलतो. आईंच्या तब्येतीवर येतो आणि तिथंच थांबतो. वर बघ, पत्रातही तेच केलंय.

पृथ्वीराज वाईट नाही. त्याच्याबद्दल बोललो त्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. पण मी ते का बोललो, हे घरी येताना स्वतःला विचारलं. हेमावती तुझं नाव घेणार हे मला आदल्या दिवशी टपरीवर कळलं होतं. ते घेतलं जायच्या आत दुसरं ठरून जावं, म्हणून मी खालच्या पायरीवर गेलो. त्या रात्री डायरीत मी लिहिलं, "पृथ्वीराजच्या बाजूने बोललो." का, ते लिहिलं नाही. माझ्या डायऱ्या अशाच आहेत, जोतिराम. त्यात घडलेलं सगळं असतं.

आता ते सांगतो. तुला ते माहीत आहे, तरी माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडं असावं.

स्पर्धेत दोन पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना बाहेर बसायचं. सामना संपल्यावर पंचांच्या टेबलाशी जायचं, कार्डं कुणाकुणाची ते बघायचं आणि वहीत नावापुढं उभी रेघ मारायची, हे काम माझं. बाकी कुणाचंच नव्हतं. २०१४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात मी दहा मिनिटं आधी निघालो. अक्कलकोटला मावसबहिणीचा साखरपुडा होता आणि चारची एसटी धरायची होती. शेवटच्या मिनिटाला गोलासमोर झुंबड झाली आणि त्यात पंचांनी आपल्या अमृतला स्पर्धेतलं दुसरं कार्ड दाखवलं. दहा-बारा जण एकमेकांच्या अंगावर. कार्ड आपल्याला आहे हे अमृतलाही कळलं नाही. तो आजवर हेच सांगत आला आणि आजवर कुणी त्याचं खरं मानलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचून पान पुरं केलं. बातमीत गोल असतात, कार्डं नसतात.

उपांत्य सामन्याच्या सकाळी तू विचारलंस, "अमृतवर किती?" मी वही उघडून म्हणालो, "एकच." तू वहीत डोकावलाही नाहीस. दोन-एकनं जिंकलो. समोरच्या संघानं तासाभरात हरकत घेतली, निकाल फिरला, फायनलला ते गेले.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाचीही होते, आणि त्या संध्याकाळी मी तेवढंच म्हणालो असतो तर पायरीनं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि गुरुशांतनं दोन दिवस चहा दिला नसता. आप्पा म्हणाले, "वही आण." वही घरी होती. मी घरी गेलो. पान काढलं. अमृतच्या नावापुढं एक रेघ होती. मी उभ्या उभ्याच तिच्या शेजारी दुसरी मारली. मारायची असं ठरवलं होतं का, हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलंय. हातात पेन होतं एवढंच आठवतं. परत येताना वाटेत वही दोनदा उघडून शाई वाळली का ते बघितलं, हेही आठवतं. म्हणजे ठरवलं होतं.

आप्पांनी मोठ्यानं वाचलं, "अमृत. दोन." आणि तुला विचारलं, "मग खेळवलास कसा?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी वहीकडं बघितलं. तू म्हणालास, "वहीत दोन असतील तर चूक माझी." शिट्टी काढून पायरीवर ठेवलीस आणि सायकल काढलीस. आठवड्यानं कळलं, तू सांगोल्याला गेलास.

तू का बोलला नाहीस, हे मला कधी कळलं नाही. मैत्रीखातर, असं मी बरीच वर्षं धरून चाललो, कारण ते मला सोयीचं होतं. आता वाटतं, वहीपुढं आपलं कोण ऐकणार, हे तुला माहीत होतं. पायरीवर वहीला इतकी किंमत मीच आणली होती.

त्यानंतर मी फार काटेकोर झालो. जे स्वतः पाहिलं नाही त्यापुढं 'पाहिले नाही' असं लिहितो. कुणी सांगितलं, किती वाजता सांगितलं, तेही. नवी मुलं म्हणतात, सरांसारखी वही जिल्ह्यात कुणाची नाही. दर वेळी ते ऐकून मी मान हलवतो. थकलोय मी या मान हलवण्यानं.

अमृत उजनीकडं केळीच्या बागेत असतो, ट्रॅक्टर चालवतो. दोन वर्षांपूर्वी टेंभुर्णीच्या स्टँडवर भेटला होता. चहा पाजला त्यानं मला. निघताना म्हणाला, "सर, मला खरंच कळलं नव्हतं ओ कार्डाचं." मी म्हणालो, "जाऊ दे, जुनं झालं." घरी येऊन डायरीत लिहिलं, "अमृत भेटला. तब्येत चांगली."

वहीतलं ते पान आज काढून बघितलं. दुसरी रेघ पहिलीपेक्षा गडद आहे, आणि खाली थोडी पसरली आहे. डोळे असलेल्या कुणालाही दिसावी. बारा वर्षांत ते पान कितीजणांनी उघडलं असेल! कुणी बघितलं नाही, कारण वही माझी.

तुला विचारून मग पायरीवर सगळं सांगावं, असं आधी ठरवलं होतं. मग लक्षात आलं, पत्र तुला मंगळवारी-बुधवारी मिळेल आणि बैठक उद्या आहे. मी पत्रच लिहायला घेतलं ते याच हिशोबानं की काय, असाही संशय आला. म्हणजे पत्र पोचेपर्यंत सगळं होऊन जाईल आणि मी मात्र लिहिल्याचं समाधान घेऊन बसेन. म्हणून हे पत्र मी अजून पाकिटात घातलेलं नाही. उद्या बैठक झाल्यावरच पेटीत टाकेन. बैठकीत बोललो नाही, तर हे पत्र पाठवायचा मला अधिकार नाही, फाडून टाकीन. तेव्हा तुझ्या हातात हे आलं असेल, तर त्याचा अर्थ तुला कळला.

यानंतर तू यावंस असं मला वाटतं का? हो. मुलं गोंधळलेली आहेत आणि सिदूच्या ओरडण्यानं आणखी गोंधळतात. पण तू नाही आलास तरी माझं सांगायचं काम बदलत नाही. तुझ्या त्या अकरा मुलींना सोडून यायचं की नाही, हे तुझं तू ठरव. वही या वेळी मध्ये येणार नाही. ती उद्यापासून माझ्याकडं नसेलच बहुतेक. हेमावतीचं अक्षर बरं आहे.

माफ कर, असं लिहायला आता वर जागा शोधतोय, पण सुरुवातीलाच मी ते पत्र न लिहिल्याबद्दल वापरून टाकलंय. तिथंच वाचून घे, या कारणासाठी.

ज्याच्या वहीत तू डोकावला नाहीस, तो
सोमशेखर

उद्याचे काम : सकाळी सातला खालच्या पायरीवर उभे राहून ते पान आप्पांच्या हातात देणे.