लाल दोऱ्याची जागा

४ फेब्रुवारी

प्रिय सिस्टर नणंदबाई,

स. न. वि. वि.

तुमची भाची शनिवारी वसतिगृहातून आली ती खोक्यात पूल घेऊनच. आधी पुलाला जागा, मग आईला मिठी! मशीनवरची अर्धवट शिवलेल्या गणवेशांची चळत मला उचलायला लावली. तुमच्या विज्ञान-अभियांत्रिकी वर्गाने भिंगरीला पार वेड लावलंय. बारीक लाकडी पट्ट्यांचा तो पूल इतका देखणा, की मी हातातलं पुस्तक मिटून बघत बसले. आणि त्यावर वजनं लादून तुम्ही तो मोडणार म्हणे. पोरींनी जीव ओतून करायचं आणि नन लोकांनी मोडायचं, हा कसला खेळ?

एका जोडाला तिने लाल दोरा बांधला होता. विचारलं, तर म्हणाली, इथेच कच्चा आहे, आणि दूध आणायला पळाली. तुमचा भाऊ बांधकामाच्या परांचीवरून पडून गेल्यापासून कच्चा हा शब्द मला ऐकवत नाही. असो. पूल मी स्वतः खोक्यात नीट भरून दिला आहे. शुक्रवारी बघायला येतेच.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी

---

८ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि.

काल चहाही न घेता निघून गेलात. तिसऱ्या रांगेतली तुमची रिकामी खुर्ची मला फार वेळ दिसत राहिली.

आमचा नेम तुम्हाला माहीत नसेल. पूल किती भार पेलतो याला आम्ही गुण देत नाही. तो कुठे मोडेल हे मुलींनी आधी दोरा बांधून दाखवायचं, आणि तिथेच मोडला तर गुण. भिंगरीच्या गटाचा भलत्याच टोकाला मोडला. परीक्षक इंजिनिअरांनी उलटा करून पाहिला, तर लाल दोऱ्याखाली दोन जादा पट्ट्या, गोंदाने चिकटवून वर दोऱ्याने आवळलेल्या. चौघींचा पूल; पण आपली भिंगरी उभी राहिली आणि म्हणाली, मीच लावल्या, या तिघींना काही ठाऊक नाही.

मी तिची आत्या आणि तो वर्गही माझाच. घरची मुलगी म्हणून तिला सूट मिळणार नाही, असं मीच सगळ्यांदेखत सांगितलं. सांगताना मान वर होत नव्हती. तिला वर्गात ठेवायचं की नाही, ते मुख्याध्यापिका सोमवारी ठरवतील. का केलंस विचारलं, तर म्हणते, वाटलं म्हणून. ही मुलगी कधी असं उत्तर देते का? घरी काही बोलली होती का?

तुमच्यासाठी प्रार्थना करते. माझ्यावर रागावू नका.

तुमची
सिस्टर

---

९ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

स. न. वि. वि.

पट्ट्या मी लावल्या. ती दूध आणायला गेली तेवढ्यात. खोक्यात उरलेल्या पट्ट्या होत्या, गोंद घरात होता आणि मेणाचा दोरा तर माझ्या हाताशीच असतो. तुमच्या भावाच्या पायाखालची फळी बांधलेल्या जागीच सुटली होती. कच्चा जोड डोळ्यांनी बघून तसाच सोडून देणं मला जमलं नाही. तुमचा नेम ठाऊक नव्हता, हे खरं. पण विचारलंही नाही.

ती चूक एक वेळ पोटात घालाल. पुढची कशी घालाल? पोर उभी राहून म्हणाली, मीच लावल्या, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत पिशवी छातीशी धरून बसून राहिले. आजूबाजूला बाकीच्या आया. अडाणी आईने लेकीचं काम बिघडवलं म्हणतील, या भीतीने पाय उचलेना. पुस्तकं वाचून स्वतःच शहाणी झाले म्हणून मिरवते मी! तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर लोकांनीही पाहिलं असतं, हे तिला कळलं. मला मात्र आपल्या जागेवरून उठण्याएवढंही कळलं नाही.

उद्या सोमवारी येते; हे पत्र तुमचं पत्र आणणाऱ्याच्याच हाती देते आहे. मुख्याध्यापिकांना सांगा, बंद दाराआड बोलणार नाही. त्या तिघी आणि त्यांच्या आया समोर असू देत.

जमलं तर पूर्वीसारखीच आपली म्हणा.

वहिनी

---

१६ फेब्रुवारी

ती. आईस,

शि. सा. न.

मी वर्गात आहे! पण खोटं बोलले म्हणून आत्या मला कार्यशाळा झाडायला लावते, आणि कोपऱ्यात भुसा राहिला की पुन्हा.

तू सोमवारी बोलायला उभी राहिलीस तेव्हा मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू? वाटलं, आता तू सगळ्यांसमोर रडणार. तू रडली नाहीस. मग माझीच मला लाज वाटली.

पूल उलटा केला तेव्हाच मी ओळखलं होतं. ती गाठ तुझीच, बटणाखाली घालतेस तशी. आणि मला तुझा राग आला होता, आई. अजून थोडा आहे.

काल आम्ही नवा पूल मोडला. बरोब्बर लाल दोऱ्यापाशी! तिघींनी इतका आरडाओरडा केला की शेजारच्या वर्गातली गणिताची सिस्टर धावत आली. हा कसला खेळ, असं तू विचारलंस म्हणे. बाबांच्या परांचीवर कुणी असा दोरा बांधला असता, तर त्यांनी त्या फळीवर पाय ठेवला असता का? मी या वर्गात त्यासाठी आले. त्या शनिवारी हेच तुला सांगायचं होतं. तोंडावर आलं, आणि मी दूध आणायला पळाले.

उत्तर लांबलचक लिही.

तुझीच
भिंगरी

ता. क. लाल दोरा संपलाय. पाठवशील? फक्त दोरा!