तीन पत्रं, एकच बैठक

जुन्नर, ९ सप्टेंबर १९९८

प्रिय स्नेहल,

सुदर्शनचं पार्सल सोमवारी पोचलं. तुझ्या बाबांचा चष्मा, एकशे दहा रुपये. बायबलातल्या स्तोत्रांवरचं एक जाड पुस्तक, पंचेचाळीस. टपालाला वर बारा. तुझा भाऊ पुण्याला चर्चचा पाळक व्हायला गेलाय की पैसे उधळायला, असं मनात आलं. पण पुस्तक उघडलं आणि दोन दिवस भाकरी करपल्या.

त्यात म्हटलंय, ज्या स्तोत्रांवर दावीद राजाचं नाव आहे ती सगळी त्याचीच असतील असं नाही. एकावन्नावं घे, मी लग्नाआधीपासून पाठ म्हणते ते. कबुली दाविदाच्या पापाची, आणि शेवटी यरुशलेमेचे तट बांध अशी विनवणी. दाविदाच्या काळात तट पडलेच कुठे होते? ते पडले चारेकशे वर्षांनी. म्हणजे शेवटची दोन वचनं मागाहून कुणी जोडली, असं बऱ्याच पंडितांचं मत. मला आधी रागच आला. देवाच्या वचनावर पोलिसासारखी नजर कशाला? मग वाटलं, रडणं खरं आहे, रडणारा कुणी का असेना, प्रभूनं ऐकलंच असणार. पण ती नजर एकदा डोळ्यांत शिरली ती लई वाईट, निघता निघेना.

काल तुझी जून, जुलै, ऑगस्टची पत्रं काढली. अक्षर तुझंच. पण 'तीर्थरूप मातोश्री' असं तू मला कधी म्हणालीस गं? 'आये'शिवाय हाक नाही तुझी. ऑगस्टच्या पत्रात लिहितेस, दर रविवारी चर्चमध्ये गाते. तुमच्या आळेफाट्याच्या बायडाबाई इथं आल्या होत्या, त्या म्हणाल्या, चर्चचे पत्रे जुलैच्या वाऱ्यात उडाले, तेव्हापासून उपासना बंद. मग मी तिन्ही कागद एकावर एक ठेवले. जूनच्या पत्रावरचा शाईचा थेंब खालच्या दोन्हींत झिरपलाय, त्याच जागी, फिका फिका होत. शिक्के तीन महिन्यांचे, लिहिणं एका बैठकीचं. तुला कुणी बसवून लिहून घेतलं? तुझे बाबा म्हणाले, "पंचेचाळीस रुपयांत फौजदार झालीस की!" हसले, पण ताटावरून तसेच उठले. फोन केला तर तुझ्या सासूबाईच उचलतात, आणि तू दर वेळी शेजारी गेलेली असतेस.

म्हणून हे पत्र टपालानं नाही, गोजरबाई कासारणीच्या हाती देतेय. बांगड्या भरताना ती तुझ्या मुठीत सरकवील. तिच्याशी बोलू नकोस, सासूबाई दारात असतील. ती तशीच नाशकाकडे जायची, महिनाभर परतायची नाही. तू मला साध्या कार्डावर चार ओळी लिही आणि त्यात कुठंतरी गोजरबाईच्या लुगड्याचा रंग येऊ दे. ती आत्ता आपल्या ओट्यावर बसलीय, मी पाहून ठेवलाय. जूनमध्ये बसून तो कुणाला लिहिता आला नसता. घरी यायचं असेल तर रंग मुद्दाम चुकव. पुढच्या बुधवारपर्यंत चुकीचा रंग आला, किंवा रंगच आला नाही, तर गुरुवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं तुझ्या दारात. हे चुलीत घाल आणि उलट टपाली कळव, बाई.

तुझीच,
आये