बाबांच्या गुडघ्याचे नाव

सावेडी, गुरुवार

ती. विजयाआत्यास,

भार्गवीचा शिरसाष्टांग नमस्कार. (बाबांच्या गुडघ्यामुळे घरात तो घालू शकणारी सध्या मी एकटीच.) पुणतांब्याला सगळे मजेत असाल, गोदावरीला पाणी असेल. इथे आनंद आहे, तो असा.

तुझा भाऊ दिवाळीपासून जिना उतरला नव्हता. डॉक्टरांनी घरी येऊन ऑस्टिओआर्थ्रायटिस सांगून गोळ्या दिल्या. पण जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस! "ज्या शब्दाची फोड मला येत नाही, त्यावर मी औषध घेणार नाही." (अर्थ लागल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही, ही आपल्या घरची शिस्त. गुडघ्यालाही ती लागू आहे हे मला ठाऊक नव्हते.) शेवटी मी कोश काढला. ग्रीकमध्ये ऑस्टिऑन म्हणजे हाड, आर्थ्रॉन म्हणजे सांधा, आयटिस म्हणजे दाह. आणि ऑस्टिऑन व आपले अस्थि एकाच कुळातले निघाले! बाबांचा चेहरा असा खुलला, की जणू गुडघ्याला स्थळच चालून आले. "म्हणजे रोग सोयऱ्यातलाच आहे की!" एकेका पायरीवर बसत खाली उतरले आणि दवाखान्याला निघाले.

तिथे कर्जतच्या छबूबाई शेजारी बसल्या होत्या. बाबांनी त्यांना धातूंपासून सुरुवात करून सगळे शिकवले. त्या म्हणाल्या, "लई झ्याक सांगता गुरुजी, पन माजा नंबर गेला की वो!"

आत गेल्यावर बाबांनी गुडघा पुढे केला. "हात लावून बघा. थंडगार आहे. दाह कुठंय? आधी नाव दुरुस्त करा, मग गोळी." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डॉक्टर म्हणाले, "खरंय सर, आमच्यातही पुष्कळांचं हेच म्हणणं आहे. दाह कमी, म्हणूनच गोळी लहान लिहिलीय." बाबांनी तिथेच पाणी मागवले! (हे वैद्यकशास्त्र होते की बाबांची काढलेली समजूत, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते का, हे रोजनिशीत लिहिते आहे आणि खोडते आहे.) आता व्यायाम चालू आहे. काल फाटकापर्यंत गेले, येताना दोन शेजाऱ्यांना फोड सांगून आले.

तुझी,
भार्गवी

ता. क. तूही कठडा धरून उतरतेस, असे तुझ्या पार्थकडून कळले. शनिवारी गाडी येईल. डॉक्टरांकडे तुझा नंबर लावलाय. नाही म्हणू नकोस.

ता. क. २ : गाडी बाबांनीच ठरवली. तुझ्या काळजीने त्यांचे जेवणात लक्ष नाही. हे वाचून ते म्हणतात, काळजीचे वाक्य खोड, तिला अर्थ समजावायला बोलावतोय असे लिही. तेही लिहिले. आधीचे खोडले नाही.