बाही वर

४ जून
पोचलो एकदाचे! सामान चढवताना महाशयांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला उशीलासुद्धा हात लावू दिला नाही. तिसरा महिना सरत आलाय ना, सध्या मी काचेचं भांडं आहे. बाळंतपण त्याच्या घरी करायचं ठरलं, कारण सासूबाई इस्पितळातून हेडनर्स म्हणून निवृत्त झाल्यात. घरातच दवाखाना म्हणा ना!

आम्हाला वरची खोली मिळालीये, खिडकीतून रस्ता दिसतो. मी शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा रजेवर असले तरी खडूंचा डबा आलाच बरोबर. खाली सासूबाई, मोठे भाऊजी आणि जाऊबाई. माणसं गोड आहेत, पण किती फिकट! रंगवायची राहून गेल्यासारखी. जेवताना पाण्याऐवजी कडक काळा चहा पितात. माझ्यासारख्या चहाबाज बाईची चंगळच झाली.

७ जून, रविवार
नाश्ता झाला आणि सगळ्यांनी बाह्या वर केल्या. मला वाटलं, मिळून भांडी घासणार. तर सासूबाई सुई, नळी, पिशव्या घेऊन आल्या आणि एकेकाचं रक्त काढायला बसल्या. महाशयांचंसुद्धा! त्याच्या कोपराच्या खळगीतल्या खुणांबद्दल मी पूर्वी विचारलं होतं, तर म्हणाला होता रक्तदान करतो. लबाड कुठला.

मग सासूबाईंनी जवळ बसवून सांगितलं. सासऱ्यांच्या अंगात लोह साचत गेलं होतं. आई-बाप दोघांकडून तो दोष आला की अन्नातलं लोह नको तितकं शोषलं जातं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात, सांध्यांत साठत राहतं. बायकांचं दर महिन्याला थोडं जातं, म्हणून त्यांना उशिरा कळतं. सासऱ्यांना आधी थकवा, मग बोटं दुखायला लागली, मग साखर वाढली, कातडी रापल्यासारखी झाली. एका डॉक्टरने साखरेचं औषध दिलं, दुसऱ्याने सांध्यांचं, तिसऱ्याने थकव्यावर लोहाचं टॉनिक. साठलेलं लोह दाखवणारं रक्तातलं फेरिटिन तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा यकृताचा दगड झाला होता. ते टॉनिक सासूबाईंनी स्वतःच्या हाताने पाजलं होतं. सांगताना त्या रडल्या, मलाही रडू आलं.

उपाय म्हणे साधाच. रक्त काढायचं. नवं रक्त तयार करायला शरीर साठलेलं लोह वापरतं. जेवताना काळा चहाही त्यासाठीच, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. तपासणीपुरती एक छोटी नळी तुझीही घेऊ म्हणाल्या. मी हात पुढे केला. म्हटलं, झाले आता घरची.

१६ जून
गरोदरपणात घ्यायच्या माझ्या लोहाच्या गोळ्या सापडेनात. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं की टाकून दिल्या, या घरात ते विष चालत नाही, पोटातलं पोर त्यांच्या रक्ताचं आहे. मी महाशयांशी कडाडून भांडले. त्याचं एकच पालुपद, आईला कळत नाही आणि तुला कळतं का?

डब्यातले पांढरे खडू कमी झालेत. घरात लहान मूल नाही, मग घेतं कोण?

२८ जून, रविवार
माझंही लोह वाढलंय म्हणे. कागद दाखवा म्हटलं, तर म्हणाल्या, कागदांवर विसंबूनच त्यांचा नवरा गेला, आता त्या फक्त डोळ्यांवर विश्वास ठेवतात. या वेळी नळी नाही, अख्खी पिशवी. महाशय माझा हात धरून विनोद करत होता. उठताना गरगरलं. थकवा, बघ, तेच लक्षण, असं म्हणून त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी पुन्हा.

९ जुलै
जिन्याखालून कुरकुर आवाज येत होता. उंदीर समजून वाकले, तर जाऊबाई. तोंडात खडू. ओठ पांढरे. आधी ओशाळून हसल्या, मग माझा हात घट्ट धरला. रक्त उतरलं की असलं काहीतरी खावंसं वाटतं, म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. आजार फक्त भाऊजींना आहे. त्यांचंही लोह कधीच उतरलंय, मोठ्या डॉक्टरांनी वर्षातून तीन-चारदाच रक्त काढायला सांगितलं होतं. महाशयांना दोष एकाच बाजूने आलाय, त्याला काही करायची गरजच नव्हती. जाऊबाईंना तर काहीच नाही. पण रक्त काढलं की थकवा, आणि थकवा दिसला की रक्त. त्यांची दोन मुलं पोटातच गेली. सासूबाई दोन्ही वेळा रात्रंदिवस उशाशी बसून रडल्या. म्हणाल्या, लोहाने नेलं.

त्या खोटं रडत नाहीत. त्याचीच भीती वाटते मला.

१९ जुलै, रविवार
दवाखान्याची तारीख चुकवली. घरात नर्स असताना कशाला, म्हणे. माझा फोनही आता महाशयांच्या खिशात.

आज मी बाही वर केली नाही.

महाशयांनी केली. माझी.

२३ जुलै
बाळ हललं! पहिल्यांदाच. वेड्यासारखी ओरडले आणि सगळे धावत आले.

सासूबाईंना इतका आनंद झाला की कपाटातून एक पाकीट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. सुया. केसासारख्या बारीक. बाळासाठी आणून ठेवल्यात — जन्मल्या दिवसापासूनच सुरुवात करायची म्हणजे —

महाशय अंघोळीला गेला तेव्हा फोन मिळाला. माझ्या दादाला, ट्रक चालवतो तो, निरोप पाठवला, ट्रक घेऊन ये, मला घेऊन जा. रविवारी येतो म्हणाला. निरोप पुसून टाकला.

दादा येईल. दादा आला की कुणाची माय व्यालीये मला अडवायची!

२५ जुलै
जिना उतरवत नाही. तीन पायऱ्या, आणि छातीत धडधड. पुन्हा वर.

बाळ सकाळपासून गप्प. पोटावर हात ठेवून बसलेय. हल रे. एकदा हल.

एक खडू खाल्ला. मग दुसरा. चांगला लागतो.

२६ जुलै, रविवार
ट्रक दिसला. आला, दादा आला! खिडकीतून हाक मारली — हाक कसली, नुसती हवा.

खाली बोलताहेत. सगळं ऐकू येतंय. सासूबाई सांगताहेत, मी आत्ताच झोपलेय, उठवायला नको. चहा घ्या तोवर.

घेतोय. काळा.

दाराला बाहेरून कडी.

खडूंचा डबा जमिनीवर आपटला. दादाने विचारलं आवाज कसला. महाशय म्हणाला मांजर —

बाळ हललं! आत्ता! अजून आहे —

सासूबाई विचारताहेत, उजवा हात एवढा काळा कशाने. ट्रकच्या खिडकीत असतो, उन्हाने रापलाय, दादा सांगतोय. थकवा येतो का. येतो म्हणाला, रात्रभर चालवतोय. बोटं दुखतात का. दुखतात म्हणाला. किती काळजी करता, असं म्हणून हसला —

कपाट उघडलं खाली.

दादा, नको, वर ये आधी, बाही —