अर्ध्या तिकिटाचा उरलेला खेळ

प्रति,
मा. अवसायक साहेब,
किसान सहकारी चित्रमंदिर संस्था मर्यादित (अवसायनात),
घाटटाकळी, ता. परळी, जि. बीड.

अर्जदार : राधाकिशन सखाराम घोळवे, वय ५६, धंदा : गेटकीपर (टॉकीजला सील लागल्यापासून काही नाही), रा. घाटटाकळी.

विषय : सीलबंद टॉकीज एका दुपारपुरती उघडून चित्रपटाचा उत्तरार्ध दाखवू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १ मार्चचा अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर, "सदर चित्रपटाची सीडी बाजारात उपलब्ध असल्याने मागणी निकाली काढण्यात येत आहे."

महोदय,

संदर्भ क्र. २ चे उत्तर मिळाले. ते आपण स्वतः लिहिले असेल असे मला वाटत नाही. ज्या कारकुनाने लिहिले त्याने माझा अर्ज अर्धाच वाचला असावा, आणि अर्ध्याचे दुःख काय असते ते आमच्या गावाइतके कोणाला ठाऊक नाही. आपण परजिल्ह्यातून आलेले आहात. म्हणून पहिल्यापासून मांडतो.

१. सदर टॉकीज कोणा शेठची नाही. गावाने शेअर्स गोळा करून, स्वतःच्या बैलगाड्यांनी दगड वाहून ती बांधली. बहात्तरच्या दुष्काळात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांसाठी निघायच्या दिवशी दुपारचा खेळ लावला होता. मध्यंतराला वीज गेली ती आलीच नाही. बाहेर मुकादमांचे ट्रक उभे होते. लोक उठेनात. तेव्हा आमचे चेअरमन कै. अर्जुनराव पडद्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "अर्धं तिकीट जपून ठिवा. आल्यावर उरलेलं दावतो. पर समदे या." लोक चैत्रात परत आले आणि चेअरमनने शब्द पाळला.

२. तेव्हापासून तो रिवाजच पडला. वीज असो वा नसो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मध्यंतरापर्यंतच दाखवतो. सिरसाळा, धर्मापुरीकडच्या टोळ्याही मुद्दाम येतात. गेटवर तिकीट फाडून अर्धे मी त्यांना देतो आणि अर्धे तारेत ओवून ठेवतो. बाया आपले अर्धे पदराच्या गाठीला बांधतात, गडी टोपीत घालतात. परतल्यावर दोन्ही अर्धी जुळली की माणूस आत जातो. साहेब, आपल्या खात्याकडे गेलेल्या माणसांची नोंद असेल नसेल, पण कोण परत आले आणि कोण आले नाही, हे एकतीस वर्षे माझ्या तारेने सांगितले आहे. उरलेली अर्धी मी कधी टाकून दिली नाहीत. ती बिस्किटाच्या डब्यात आहेत.

३. नियम आणखी एकच आहे. टॉकीजच्या नोकराने उत्तरार्ध कोणाला सांगायचा नाही, घरातसुद्धा. आम्ही सगळे रीळ अगोदर चालवून पाहतो, त्यामुळे शेवट आम्हाला माहीत असतो.

४. गेल्या साली पाऊसच झाला नाही. ज्या घरांतून कधी कोणी उसाला गेले नव्हते, त्या घरांनाही कुलपे लागली. दि. २५ ऑक्टोबरला ४१२ च्या ४१२ खुर्च्या भरल्या होत्या. सदर चित्रपटात मध्यंतराला नायकाची बहीण कोरड्या विहिरीच्या काठावर उभी असते आणि आतून कोणीतरी तिला नावाने हाक मारते. तिथेच पाटी पडली. ती हाक कोणाची यावर पाच महिने उसाच्या फडाफडांत भांडणे झाली असे ऐकतो. इकडे दि. १४ जानेवारीला संस्था अवसायनात जाऊन टॉकीजला सील लागले. उत्तरार्धाच्या रिळांच्या आठ पेट्या मशीनखोलीत राहिल्या. वितरकाने त्या परत मागितल्या नाहीत, कारण पेट्यांचे सिनेमे आता कोणी लावत नाही म्हणे. माझी तारही गेटामागच्या खिळ्यालाच राहिली.

५. सीडीबद्दल. आम्ही तोही प्रयोग केला. मोहनराव सरपंचांनी अंगणात टीव्ही मांडला, चहा ठेवला. लोक आले, बसले आणि बटण दाबायच्या आधी एकेक करून उठून गेले. मोहनरावांना राग आला, आणि तो येणारच. बायनाबाई नावाच्या म्हाताऱ्या मजूर बाईने त्यांना तोंडावर सांगितले, "टीव्हीला दार कुठं हाय? आमी आलो ह्ये कुणाला दावायचं?" याचे उत्तर आपल्या कार्यालयाजवळ असल्यास कळवावे. सिदू नावाच्या इसमाने मोबाईलवर शेवट पाहिला आणि टँकरच्या रांगेत तो सांगू लागला, तर बायांनी रिकाम्या घागरी घेऊन त्याला शाळेपर्यंत पिटाळला. तो अजून दुसऱ्या वाडीवरून पाणी आणतो. गावाची शांतता आपल्या एका सहीवर अवलंबून आहे, एवढेच या निमित्ताने निदर्शनास आणतो.

६. दि. २८ मार्चला सामानाचा लिलाव आहे. आपली यादी मी नोटीस बोर्डासमोर उभा राहून तीनदा वाचली. तीत लाकडी खुर्च्या ४१२, पंखे १८, पडदा १, मशीन २, विझवण्याच्या वाळूच्या बादल्या ६, असे सर्व आहे. उत्तरार्ध कोठेही नाही. म्हणजे तो संस्थेच्या मालमत्तेत येत नाही आणि आपणास विकताही येत नाही. मग ज्यांच्याजवळ अर्धे तिकीट आहे त्यांचा तो आहे, असे माझे नम्र म्हणणे आहे. हा मुद्दा मी वकिलाला न विचारता काढलेला आहे, चुकीचा असल्यास क्षमा करावी. ऑपरेटर धुळाजी आता पाण्याच्या टँकरवर आहे, तो एक दिवस खाडा करून मशीन चालवील. जनरेटर गावचा. आपण स्वतः खुर्ची टाकून गेटवर बसावे, किल्ली आपल्याच खिशात ठेवावी, खेळ संपताच पुन्हा सील लावावे. झाडून काढून देतो.

७. आता जे पहिल्या अर्जात लिहिले नव्हते ते लिहितो. माझी पत्नी भिवराबाई हीसुद्धा यंदा पहिल्यांदाच उसाला गेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मी टॉकीज सोडून येत नाही म्हणालो, म्हणून ती एकटी, अर्धा कोयता म्हणून, तिचा भाऊ बंकट याच्या टोळीत गेली. तिचे तिकीट मीच फाडले, क्र. २१४. ट्रॅक्टरमध्ये चढताना तिने मला विचारले, "आवो, इहिरीत कोन हाय, येवढं सांगा की. मी कुनाला बोलणार न्हाई." मी हसलो आणि म्हणालो, "आल्यावर बघ." मला फार हुशारी वाटली होती त्या वेळी.

दि. २ फेब्रुवारीला डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढताना तिचा पाय घसरला. मी एस.टी. बदलत बदलत पोहोचलो तोवर अग्नी देऊन झाला होता. बंकटने तिचे लुगडे माझ्या हातात दिले. पदराला गाठ तशीच होती. सोडली तर आत अर्धे तिकीट, घामाने मऊ झालेले, पण नंबर वाचता येतो. टोळीतल्या बाया म्हणाल्या, ती रोज नवा शेवट लावायची. एकदा तर म्हणाली, विहिरीत कोणी नसेलच, त्या पोरीला भास झाला असेल. साहेब, तिने जवळजवळ बरोबर ओळखले होते. माझ्या जिभेवर अजून येते आणि मी गिळतो. तिच्या फोटोसमोरसुद्धा मी शेवट सांगितलेला नाही. आल्यावर बघ, असे मी बोलून बसलो आहे.

त्या तिकिटाचे दुसरे अर्धे आपल्या सीलच्या आत माझ्या तारेत आहे. ते मला डब्यात टाकायचे नाही. डब्यात एकतीस वर्षांत मी पुष्कळांचे टाकले आणि घरी जाऊन जेवलो, याची आता लाज वाटते.

८. तरी विनंती की, दि. २४ मार्च रोजी दुपारी बारा ते दीड एवढा वेळ टॉकीज उघडण्याची परवानगी द्यावी. ४०९ माणसे परत आली आहेत. दोघे तिकडेच कामाला राहिले, त्यांनी निरोप धाडला आहे. उरली एक. मी गेटवर उभा राहून सर्वांची तिकिटे जुळवीन, शेवटी क्र. २१४ जुळवीन, आणि तिला आत सोडीन. तिच्या खुर्चीवर कोणी बसू नये हे मी लोकांना सांगितलेले नाही, त्यांना ते सांगावे लागणार नाही. त्यानंतर आपण लिलाव करावा. खुर्ची घेणाऱ्याने ती कशालाही वापरावी, माझी तक्रार राहणार नाही.

परवानगी नाकारायची झाल्यास ती लेखी न कळवता समक्ष बोलावून सांगावी. यंदा मला कागदावरचे फार सोसत नाही.

आपला, अजून गेटवरच असलेला,
राधाकिशन सखाराम घोळवे
(सही)

घाटटाकळी, दि. १५ मार्च २०१३

सोबत :
१) परत आलेल्या ४०९ जणांच्या सह्या व अंगठे.
२) धुळाजी ऑपरेटर याचे हमीपत्र.
३) अर्धे तिकीट क्र. २१४, झेरॉक्स. मूळ तिकीट आपण म्हणाल तेव्हा आणून दाखवीन, परंतु कार्यालयात जमा करता येणार नाही. ते गेटवर लागणार आहे.