अर्धा वाचून झालेला नकाशा

मी, मुकेर्रेम सोयदान, वय सदुसष्ट, रेशीम कारखान्यातून निवृत्त, राहणार मुरादिये, बुर्सा, कुणाच्या धाकाने वा भरीला पडून नव्हे, तर पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी हृदयाचे सांगितल्यापासून मन एका जागी ठरत नाही. आधीचे मसुदे मीच फाडले. हाच अखेरचा समजावा.

१. राहते घर माझी थोरली बहीण निगार हिचा मुलगा सेर्मेत यास मिळावे.

२. शिलाई मशीन शेजारच्या फेरिदेस द्यावे. ते उसने म्हणून तिच्याकडेच आहे. आता मी परत मागणार नाही, एवढाच फरक.

३. बँकेतील शिल्लक दफनविधी व मयतीनंतर वाटायच्या हलव्यासाठी खर्चावी. वरच्या मजल्यावरचे नाझमी बे माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गालिचे झटकतात. त्यांनी हलवा खावा. जनाज्याला खांदा मात्र देऊ नये.

४. नकाशाविषयी. हा कापडावर चिकटवलेला, जुन्या तुर्की लिपीतला, पैगंबरांच्या व पहिल्या खलिफांच्या काळाचा आहे. वडील शिक्षक होते. सरकारने अरबी लिपी जाऊन लॅटिन आणली तेव्हा शाळेतून निघालेला हा नकाशा त्यांनी गालिच्यात गुंडाळून घरी आणला. निगारताईला जुनी अक्षरे येत. मी नवीच शिकले. ती बोट ठेवून वाचून दाखवी, पण “मला शिकव ना” म्हटले की म्हणे, “तुझी अक्षरं वेगळी, माझी वेगळी.” ते मला फार लागले. वडिलांच्या पश्चात तिने नकाशा मागितला. मी म्हटले, “तुला तोंडपाठ आहे, मग कागद कशाला?” ती कॉफी तशीच टाकून उठली. पुढे लग्नकार्यात नि मयतीला दिसलो, तेवढेच.

गेल्या वसंतात सेर्मेत जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. म्हणाला, “मावशी, तुला वाचता येत नाही, आईला आता दिसत नाही. मग हा भिंतीवर कुणासाठी?”

आईला दिसत नाही, हे मला तेव्हा कळले! व्यापाऱ्याला वाटेला लावले. घरभर येरझारा घातल्या, आणि नकाशा काखेत मारून ताईच्या गावची, मुदान्याची बस धरली.

“कोण आहे?”

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

“नकाशावाली.”

बराच वेळ दार उघडेना. मग उघडले. “बूट बाहेर काढ. आणि काय लिहिलंय ते सांग.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“आकार सांग, शहाणे! उजवीकडून.”

“छोटा दात, खाली टिंब. मग वाकलेली म्हातारी. मग तिचीच बहीण, पाय पसरून बसलेली.”

“बद्र. पैगंबरांच्या लढाईचं गाव,” ताई म्हणाली, आणि माझे बोट चाचपडत शोधू लागली.

तेव्हापासून मी दर गुरुवारी जाते. भांडणे होतातच, टिंब चुकले की ती भर जेवणात ओरडते. नकाशावरचा हिजाझ झाला, शाम म्हणजे सिरिया झाला. इराक चालू आहे. मिसर, म्हणजे इजिप्त, सगळा बाकी आहे, आणि माझा धीर सुटत चालला आहे.

५. सबब नकाशा सेर्मेतला मिळावा, परंतु एका अटीवर. मी मध्येच गेले, तर माझ्या खुर्चीत त्याने बसावे, आईला आकार सांगावेत आणि तिच्या शिव्या खाव्यात. मिसर वाचून संपला, की त्याने नकाशा खुशाल विकावा. तेव्हा त्याच्याने विकवला तर.

हे मी साक्षीदारांसमोर वाचून, समजून सही केली.

(सही) मुकेर्रेम सोयदान
साक्षीदार: हिक्मेत उयानिक, औषधविक्रेते (सही), बेहिजे तुंजेर, निवृत्त परिचारिका (सही)
बुर्सा, १२ ऑक्टोबर १९८८