उन्हानं खाल्लेलं तोंड

१२ मार्च १९६७, रविवार

शीलाला पाहायला लालबर्र्याहून मंडळी आली. मुलगा चैतराम, तिथल्याच शाळेत मास्तर. त्याचे वडील पुनाराम, आई अनुसयाबाई. शीलाने चहा आणला. सगळे तिच्याकडे पाहत होते, अनुसयाबाई माझ्याकडे. मी मुद्दाम उठून खिडकीपाशी बसलो. त्यांची नजर मागोमाग आली. शेवटी त्यांनी आमच्या हिला हळूच विचारलं, "यायच्या तोंडाले काय झालं?" ही म्हणाली, "काही नाई, ऊन." एवढ्यावर विषय संपला असं हिला वाटतं.

जाताना पुनाराम म्हणाले, "कळवतो." ज्याला हो म्हणायचं असतं तो कळवतो म्हणत नाही.

मंडळी गेल्यावर आरशात नीट पाहिलं. कपाळ आणि नाक काळंठिक्कर. गालांवर तपकिरी डाग. मान जुन्या चपलेसारखी. उजव्या कानापुढे एक खरखरीत खवला आहे, तो उपटला तरी पुन्हा येतो. राजेगावच्या नाक्यावर भर उन्हात उभं राहून गाड्या तपासल्या, त्याचं हे बक्षीस. मूळचा मी गोरा. निदान गव्हाळ तरी. आई सांगायची.

निश्चय: लालबर्र्याचं उत्तर येण्याआधी चेहरा मूळ रंगावर आणणे. कोणाला कळू न देता.

१३ मार्च

अर्धी सुट्टी टाकून बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर नवा, तरुण, गोरा. दिवसभर पंख्याखाली बसतो, गोरा राहणारच. नाव विचारलं. घनश्याम म्हणालो. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, किंचित हसला आणि मग लिहिलं. लक्षात ठेवलं आहे.

भिंगातून कानापुढचा खवला बराच वेळ पाहिला. म्हणाला, बाकी सगळं उन्हाने झालंय. रुंद काठाची टोपी घाला, झिंकचं मलम लावा, दुपारी सावली धरा. हा खवला मात्र नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. विचारलं, का? म्हणाला, बहुतेक काही नसेल, पण असे खवले कधीकधी वाईट वळण घेतात.

बहुतेक. कधीकधी. ताडपत्रीखाली माल दडवला असला की ट्रकवाले हेच शब्द वापरतात. नागपूरला याचा कोणीतरी मेहुणा बसलेला असणार. जाणार नाही.

टोपीही नको. नाक्यावरच्या माणसाचा चेहरा दिसला नाही तर धाक राहत नाही. मलम ट्रंकेत टाकलं.

१५ मार्च

बाजारातून तोंडाला लावायचा स्नो आणला. मुलीसाठी पाहिजे म्हणालो. दुकानदार म्हणाला, "लड़की के लिए छोटी डिब्बी बहुत है. आपके लिए हो तो बड़ी ले जाओ." याला कोणी सांगितलं? डॉक्टर? मोठी घेतली.

जाड थर लावून ड्यूटीवर गेलो. उकव्याकडच्या खाणीतून मॅंगनीजचे ट्रक एकामागून एक आले. सगळी धूळ स्नोने धरली. दुपारी शालिकराम, माझा नाक्यावरचा जोडीदार, म्हणाला, "घनश्यामभाऊ, आज ट्रकच्या खालून तपासून राह्यले का?" बोलताना हसला नाही. म्हणजे ठरवून बोलला.

१६ मार्च, गुरुवार

सुट्टी. लालबर्र्याला गेलो. ते आपल्याला पारखतात, आपण त्यांना का पारखू नये? ओळख लपवायला तोंडाला स्नोचे दोन थर आणि डोक्याला गमछा.

राइस मिलपाशी पुनारामांबद्दल विचारलं. चांगला माणूस. पानठेल्यावर विचारलं. चांगला माणूस. शाळेच्या चपराशाला गाठून विचारलं, चैतराम मास्तर दारू पितात का, उधारी आहे का, कोणा बाईशी काही? तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "नाई जी."

कुठेच काही निघालं नाही. इतकी स्वच्छ गाडी मी नाक्यावर आजवर पाहिलेली नाही. संशय वाढला.

मला मात्र कोणी ओळखलं नाही. हे काम जमलं.

१९ मार्च, रविवार

स्नो बंद. बाजारू वस्तूंवर विश्वास नाही. आता घरगुती उपाय.

हिने बेसन-दही कालवून दिलं. लावलं. ती आणि शीला स्वयंपाकघरात हसत होत्या. कशाला हसता विचारलं तर म्हणे, भाजीले हसून राह्यलो. भाजी वांग्याची होती. वांग्यात हसण्यासारखं काय आहे?

बेसनाचा वेग फार कमी. माझी स्वतःची योजना अशी: लिंबू काळेपणा काढतं, कच्च्या पपईचा चीक मेलेली कातडी काढतो. दोन्ही एकत्र केले तर काम अर्ध्या वेळात. दवाखान्यातल्या लोकांना हे सुचत नाही, कारण रोगी पटकन बरा झाला तर त्यांना परवडत नाही.

ही म्हणाली, "लिंबू लावून उन्हात नोका जाऊ, शीलाचे बाबा. आग होते." मी बरा होऊ नये असं हिला का वाटतं? विचार करायची गोष्ट आहे.

२० मार्च

चीक-लिंबू लावून ड्यूटी केली. सुरुवातीला गार वाटलं. मग चुरचुर. म्हणजे औषध आत उतरतंय. दुपारी डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. एका ड्रायव्हरला वाटलं मी रडतोय. तो म्हणाला, "साहब, कागज़ सब ठीक हैं, रोते क्यों हो?" त्याचा ट्रक पुन्हा तपासला. कागद खरंच ठीक होते.

२१ मार्च

तोंड सुजलं. डावा डोळा अर्धाच उघडतो. सुट्टी टाकली. शालिकरामला निरोप पाठवला, दातदुखी.

२५ मार्च

कातडीचे पापुद्रे निघतायत. खालची जागा लालगुलाबी. काळेपणा जातोय हे कोणीही मान्य करील. मात्र सगळीकडून सारखा जात नाही, म्हणून सध्या ठिकठिकाणी वेगवेगळे रंग आहेत.

ट्रंकेतलं झिंकचं मलम हिने शोधून काढलं आणि न विचारता लावलं. आग कमी झाली. मलमामुळे की आपोआप, सांगता येत नाही.

शीला बाजारातून आली ती चिडलेली. लोक म्हणतात, घनश्यामला कोड फुटलं. हे पसरवलं कोणी? शालिकराम, दुकानदार, डॉक्टर. तिघांपैकी एक, किंवा तिघे मिळून.

एवढ्यात बसचा कंडक्टर पुनारामांचा निरोप घेऊन आला. पुढच्या रविवारी येतो, बोलायचं आहे. नकार द्यायला कोणी एवढ्या लांब येत नाही, ही म्हणाली. मला वाटतं काही लोक खात्री करून घ्यायला येतात. रात्री जेवण गेलं नाही. शीलानेही अर्धी भाकर ठेवली. म्हणजे तिला चैतराम आवडलाय. हे मला आत्ता कळलं.

२ एप्रिल, रविवार

पुनाराम आणि अनुसयाबाई आले. मी अंधाऱ्या कोपऱ्यात बसलो होतो. अनुसयाबाईंनी सरळ खिडकी उघडली.

पुनाराम म्हणाले, "घनश्यामजी, आमच्या गावात एक पांढऱ्या तोंडाचा माणूस येऊन चैतू दारू पितो का म्हून विचारून गेला. तुमाले काही माहीत हाय का?"

मी म्हणालो, आजकाल कोणावर भरवसा राहिलेला नाही.

ते म्हणाले, "त्यानं पानठेल्यावर तुमचंच नाव सांगतलं. चुकून."

हे मला आठवत नाही. शक्यता नाकारत नाही.

मग शीला आतून आली आणि उभ्यानेच म्हणाली, "मामाजी, बाबा मलेही तसेच विचारतात. कुठी गेलती, कोण भेटलं, काहून उशीर झाला. ते वाईट नाई. त्यायले भ्या वाटते." एवढं म्हणून पदराने डोळे पुसले. भ्या कशाचं ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेतली.

पुनाराम म्हणाले, "इचारलं त्याचा राग नाई. पोरीचा बाप इचारनच."

मग अनुसयाबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि कानापुढच्या खवल्याकडे बोट केलं. तो लिंबालाही बधला नव्हता. म्हणाल्या, "मी त्या दिवशी हेच पाहत होतो, भाऊ. तुमचा रंग नाई. माह्या भावाले असंच झालतं. जलमभर वावरात राबला. उपटून उपटून फेके. मंग ते वाढलं, अन्..." पुनारामांनी त्यांना पाणी दिलं.

हिने विचारलं, "डॉक्टरनं काय सांगतलं होतं तुमाले?" मी म्हणालो, टोपी. ती माझ्याकडे पाहत राहिली. शेवटी सांगितलं, नागपूर.

ही उठली आणि ट्रंकेतून माझे धुतलेले कपडे काढू लागली.

पुनाराम म्हणाले, "लग्नाचं मांगून बोलू. पह्यले नागपूर. मी येतो संगं."

लग्नाचं मागून. शब्द नीट ऐकून ठेवले आहेत.

१० एप्रिल, नागपूर

छोट्या रुळांच्या गाडीने गोंदिया, तिथून नागपूर. पुनारामांनी वाटेत चहा पाजला. काही विचारलं नाही. मीही नाही. आमच्या दोघांचा एवढा शांत प्रवास कसा झाला कळत नाही.

मोठ्या दवाखान्यात कातडीचे डॉक्टर म्हातारे, चष्मा जाड. बालाघाटच्या डॉक्टरशी नातं आहे का, आडून विचारलं. ते म्हणाले, कोण बालाघाटचा डॉक्टर? सुई टोचून कानापुढची जागा बधिर केली, खवला कापला आणि जागा जाळली. जळका वास आला. पुनारामांनी माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला नाही. कापलेला तुकडा भिंगाखाली पाहून डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, अजून वाईट झालेलं दिसत नाही. दर वर्षी दाखवत जा.

मग मी खरी गोष्ट काढली. बाकीच्या चेहऱ्याचं काय? पापुद्रे गेले, आता मूळ रंग कधी येईल?

त्यांनी सदरा काढायला लावला. पोट पाहिलं, काख पाहिली, पाठ पाहिली. तिथे आयुष्यात कधी ऊन लागलेलं नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाले, "अहो, हाच तुमचा रंग. डाग थोडे कमी होतील. बाकी काढायला काही नाही."

पुनाराम भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. बराच वेळ वाचत होते.

बाहेर ऊन रणरणत होतं. कानाला पट्टी. पुनाराम समोरच्या दुकानात गेले आणि काळी छत्री घेऊन आले. माझ्या हातात देत म्हणाले, "व्याही, धरा."

व्याही म्हणाले. मी नीट ऐकलं.

छत्री उघडून आतून-बाहेरून तपासली. भोक सापडलं नाही.